पोरींची वेगळी लीग कशाला?

राम राम मंडई! कसं काय, बरं शे ना? आज विषय जरा वेगळा घेतलाय, आणि गेमिंग म्हटलं की काही जण रेडिओचा आवाज बारीक करतात हे मला माहितीये, पण थांबा थोडं. घरात आंडोर नाहीतर आंडेर, म्हणजे पोरगा नाहीतर पोरगी, मोबाईलमधी डोकं घालून बसलेली असेल ना, तर हे तुमच्याच कामाचं आहे.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. ई-स्पोर्ट्स म्हणजे मोबाईल-कॉम्प्युटरवरचे गेम स्पर्धा म्हणून खेळायचे, रमी-सट्टा नव्हे. 2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यात पैसे लावून खेळायच्या गेमवर बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला त्यातून बाजूला काढून खेळ म्हणून मान्यता दिली. त्याच्याआधी 2018 ला जकार्ताच्या एशियन गेम्समध्ये हा प्रकार प्रदर्शनी म्हणून होता, तिथं तीर्थ मेहता नावाच्या आपल्या भारतीय पोरानं हार्थस्टोन नावाच्या पत्त्यांच्या गेममध्ये ब्राँझ आणलं होतं, आणि 2023 ला हांगझोऊमध्ये तर खरीखुरी मेडलं लागली. तर खेळ आहे हा. मान्य?

आता खरा प्रश्न, जो मला कॉलेजमधली पोरंच विचारतात, आणि चिडवायला नाही, मनापासून विचारतात. की ताई, कुस्तीत कबड्डीत समजतं, वजन आहे ताकद आहे, पण हा तर बसल्या जागी बोटांनी खेळायचा खेळ, मग यात पोरींची वेगळी लीग कशाला? कोणी अडवलंय का त्यांना? बरोबर आहे, मोठ्या स्पर्धांच्या नियमात फक्त पुरुष असं कुठंच लिहिलेलं नसतं. दार उघडंच आहे म्हणायचं.

पण आता एक पोरगी बघा. चाळीसगाव म्हणा, शिरपूर म्हणा, कुठलीही. बीजीएमआय हा मोबाईलवरचा गोळीबाराचा गेम खेळते, चांगली खेळते, चार जणांचं स्क्वॉड म्हणजे टीम असते, तीन अनोळखी पोरं. माइक चालू केला आणि आवाज ऐकू आला की झालं सुरू. कोणी लाडात येतो, कोणी इन्स्टा आयडी मागतो, कोणी शिव्या देतो, कोणी म्हणतो हिला कशाला घेतलं आता मॅच गेली. मग ती काय करते? माइक बंद. पुढची मॅच, माइक बंद. सहा महिने, वर्षभर माइक बंद.

आणि इथंच सगळं अडतं, कारण हा खेळ बोटांचा जितका आहे तितकाच तोंडाचा आहे. व्हॅलोरंट नावाच्या कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये एका टीमला पाच जण असतात, शत्रू कुठं दिसला, कोणाची किती हेल्थ राहिली, कुठली ॲबिलिटी म्हणजे खास शक्ती वापरून झाली, हे सेकंदासेकंदाला सांगायचं असतं, आणि एक जण आयजीएल असतो, म्हणजे मैदानावरचा कॅप्टन, तो ऐनवेळी ठरवतो की इकडून घुसायचं का फिरून तिकडून जायचं. हे पुस्तकात वाचून येत नाही, रोज स्क्रिम म्हणजे सरावाच्या मॅच खेळून, चुकून, नंतर रेकॉर्डिंग बघून कोचच्या शिव्या खाऊन येतं. जी पोरगी तोंड बंद करून खेळायला शिकली तिचा नेम कितीही भारी असू द्या, ती कॅप्टन कशी होणार? आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेली पोरगी झोक्यावर बसून जशी गळा मोकळा करून गाते तशी सासरच्या अंगणात गाईल का हो? गळा तोच असतो.

मुलींच्या लीगचं पहिलं काम हेच, माझ्या मते तर सगळ्यात मोठं काम हेच, की माइक चालू राहावा.

आणि माइक चालू ठेवून, जिंकूनसुद्धा काय होतं ते पण ऐका. कोरियाची गेगुरी. 2016 ला सोळा-सतरा वर्षांची पोर, ओव्हरवॉच नावाचा नेमबाजीचा गेम इतका अचूक खेळायची की समोरच्या टीमच्या पोरांनी सरळ चीटिंगचा आरोप केला, वरून म्हणाले की खरी निघाली तर आम्ही खेळ सोडू. तिला कॅमेऱ्यासमोर बसून, हात आणि माउस दिसेल असं लाइव्ह खेळून दाखवावं लागलं. ती खरी निघाली आणि दोघांना खेळ सोडावा लागला, ते एक बरं झालं! 2018 ला ती शांघाय ड्रॅगन्सकडून ओव्हरवॉच लीगमध्ये उतरणारी पहिली बाई ठरली. चीनची ली शाओमेंग, खेळातलं नाव लायून, तिला एका स्पर्धेच्या नोंदणीच्या रांगेत एकानं सांगितलं होतं की पोरगी आहेस तर या रांगेत थांबू नकोस. 2019 ला तिनं हार्थस्टोनची ग्लोबल फायनल मारली, दोन लाख डॉलर. आणि कॅनडाची स्कार्लेट, 2018 ला प्योंगचांगमध्ये ऑलिंपिकच्या तोंडावर स्टारक्राफ्ट या डावपेचांच्या गेमची मोठी स्पर्धा कोरियन लोकांच्या घरात जाऊन जिंकली.

या तिघींनी खुल्या गटात नाव काढलं, वेगळ्या लीगशिवाय, म्हणून लोक म्हणतात बघा, गरज नाही. मला हे उलटं दिसतं. एवढ्या वर्षांत नावं सांगायला बसलं तर बोटावर मोजता येतात, म्हणजे ज्या एकदम असामान्य आहेत त्याच निभावल्या, बाकीच्या बऱ्यापैकी चांगल्या खेळणाऱ्या गेल्या कुठं? पोरांमध्ये तर बऱ्यापैकी खेळणाऱ्यांचीच गर्दी असते, त्या गर्दीतूनच एखादा वर येतो.

म्हणून व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायट कंपनीनं 2021 ला गेम चेंजर्स नावाच्या स्पर्धा सुरू केल्या, मुली आणि ज्यांना लिंगामुळं बाजूला टाकलं जातं अशा इतर खेळाडूंसाठी. 2022 ला बर्लिनला पहिली जागतिक फायनल, जी-टू गोझेन टीमनं शॉपिफाय रिबेलियन टीमला 3-2 नं हरवलं. मग 2023 आणि 2024 दोन्ही वर्षं शॉपिफायनं नेली. पगार आले, कोच आले, रोजचे स्क्रिम आले.

पण सगळं गोड गोड सांगणार नाही मी. वेगळी लीग डबकं पण होऊ शकते. त्याच त्याच टीम एकमेकींशी खेळत राहिल्या की लेव्हल तिथंच अडकते, आणि पोरगी म्हणते इथं मी राणी आहे, तिकडं जाऊन मार कशाला खाऊ. दुसरं, पैसा. काउंटर-स्ट्राइक या दुसऱ्या गोळीबाराच्या गेममध्ये ईएसएल इम्पॅक्ट नावाची मुलींची लीग 2022 पासून चालली, पहिल्याच वर्षी पाच लाख डॉलरची बक्षिसं जाहीर केली होती, आणि 2025 मध्ये आठव्या सीझननंतर बंद करतोय म्हणाले, हे आर्थिक गणित टिकत नाही. झालं. ज्या पोरींनी नोकरी सोडून टीम धरली होती त्यांनी आता काय करायचं? स्पॉन्सरच्या मार्केटिंगवर उभी केलेली लीग मार्केटिंगचा मूड बदलला की पडते, हे दिसलंच.

मग कशी असावी? इथं मला बुद्धिबळ आठवतं, तोही बसून खेळायचा खेळ, त्यात महिलांची वेगळी जागतिक स्पर्धा 1927 पासून आहे. आपल्या नागपूरची दिव्या देशमुख, 2025 च्या जुलैत बाटुमीला महिला विश्वचषक जिंकली, समोर फायनलला कोनेरू हंपी, म्हणजे दोन्ही भारतीय! आणि ती जिंकल्याबरोबर तिला ग्रँडमास्टर किताब मिळाला, महिला ग्रँडमास्टर नव्हे, तो पुरुषांना मिळतो तोच. काहींनी नाकं मुरडली की नेहमीचे नॉर्म, म्हणजे किताबासाठी ठरलेली कामगिरी, पूर्ण न करता कसा काय. मुरडू द्या. मला त्यात आवडलं ते हे की महिलांच्या स्पर्धेतून वरच्या मजल्यावर जिना निघतो, आणि तो नियमातच लिहिलेला आहे. ई-स्पोर्ट्समध्ये अजून असा पक्का जिना नाही, चॅम्पियन टीमला चषक मिळतो, पण खुल्या लीगमध्ये जागा आपोआप मिळत नाही.

हे आपल्याकडं जळगाव-धुळ्याच्या कॉलेज गॅदरिंगला पण करता येईल, त्याला बर्लिन लागत नाही. पोरींचा वेगळा गट ठेवा, मॅचमध्ये शिरायचा रूम आयडी-पासवर्ड तिथल्याच एखाद्या मॅडमच्या हातात द्या, शिवी दिली की स्लॉट म्हणजे स्पर्धेतली जागा रद्द, मग तो कोणाचा का पुतण्या असेना. आणि जी टीम जिंकेल तिला खुल्या गटात थेट पुढच्या फेरीत टाका. हरतील पहिल्या वर्षी, हरू द्या. फक्त त्यांची फायनल दुपारी एक वाजता रिकाम्या हॉलमध्ये लावू नका, संध्याकाळी पोरांच्या फायनलच्या आधी त्याच स्क्रीनवर, कॉमेंट्रीसकट लावा.

चला, बाजारभावाची वेळ झाली, केळीवाले वाट बघत असतील. येते मी.