माणूस वर, रोबो खाली

तिरुवनंतपुरम. मॅनहोलवर उभा आहे तो बँडिकूट, जेनरोबोटिक्स कंपनीच्या तरुण इंजिनिअरांनी बनवलेला रोबो. 2018 पासून तो गटारात उतरतोय.

आधी तोंडावर स्टँड बसवायचा, मग त्यातून रोबो खाली सोडायचा. पायांकडे बघा. उतरताना मिटलेले असतात, आत पोचल्यावर कोळ्यासारखे फाकून चेंबरच्या भिंतींना टेकतात. ही पकड पक्की हवी, नाहीतर गाळ ओढताना रोबोच हलतो. हात गाळ खरवडून बादलीत भरतो, बादली वर येते, रिकामी होते, पुन्हा खाली जाते. चिंध्या, सॅनिटरी पॅड, बांधकामाचा राडारोडा, सगळं यातच निघतं.

वर ठेवलेल्या कंट्रोल पॅनलच्या स्क्रीनवर आतलं चित्र दिसतंय, सोबत वायूंचे आकडे. त्यातला हायड्रोजन सल्फाइड सगळ्यात घातक. मैला साचला, हवा पोचेनाशी झाली की जिवाणू तो तयार करतात. हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी बसतो. शिवाय गाळात अडकलेला वायू गाळ ढवळला की एकदम सुटतो, म्हणून झाकण तासभर उघडं ठेवलं तरी भरवसा नाही. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास गेलं की नाक बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस आणखी खाली जातो. 700 च्या पुढे काही श्वासांतच शुद्ध हरपते. त्याला काढायला दुसरा उतरतो, आणि तोही वर येत नाही.

रोबो चेंबर साफ करतो. दोन मॅनहोलमधली लाइन तुंबली तर जोरदार पाण्याच्या झोताने लाइन मोकळी करणारी जेटिंगची गाडीच लागते, आणि ती अरुंद गल्लीत शिरत नाही.

माणसाकडून गटाराची धोकादायक सफाई करून घेण्यावर 2013 च्या कायद्याने बंदी आहे. गटारातल्या मृत्यूसाठी 30 लाखांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ठरवली. जानेवारी 2025 मध्ये मुंबईसह सहा महानगरांत माणूस उतरवायला मनाई झाली.

पॅनलवर बसायला सफाई कामगारांनाच शिकवलं जातं. हे यंत्राइतकंच मोलाचं आहे. ऑपरेटर बाहेरून आणला, तर कामगाराचा जीव वाचेल, पण त्याची चूल विझेल. म्हणून पालिकांनो, यंत्राच्या टेंडरमध्ये त्याचा पगार आणि प्रशिक्षण लिहून घ्या. देखभालीचा खर्च आणि सुटे भागही त्यातच लिहून घ्या. यंत्र बंद पडलं आणि लाइन तुंबलेली असली, की कंत्राटदार पुन्हा माणूसच आत पाठवतो.