कड्याची आतली बाजू

हे चांदीचं रुंद कडं बघा. नवाहो या अमेरिकेतल्या मूलनिवासी लोकांच्या दागिन्यांत नेहमी दिसणारा निळा खडा यात एकही नाही. आहे ती नुसती चांदी, तिच्यात खोल पाडलेल्या सरळ रेघा, आणि मधोमध बसवलेली गडद लाकडाची पट्टी. आता कडं पालथं करू. आत एक इवलंसं घर ठोकलेलं दिसतं आणि त्याच्याबरोबर 'के' आणि 'बी' ही दोन रोमन अक्षरं.

हॉलमार्क म्हटलं की आपल्याला शुद्धता आठवते. अमेरिकेच्या नैर्ऋत्येला, नवाहो लोकांच्या मुलखात, हॉलमार्क आधी सांगतो तो दागिना कुणाच्या हातचा ते. हा हात केनेथ बेगे यांचा.

केनेथ १९१३ साली ॲरिझोनातल्या स्टीमबोट परिसरात जन्मले. फोर्ट विंगेटच्या शाळेत त्यांना चांदीकाम शिकवलं फ्रेड पेश्लाकाय यांनी. फ्रेड यांचे वडीलही याच कामात नावाजलेले. पेश्लाकाय या नावातच चांदी आहे: नवाहो भाषेत त्याचा अर्थ 'पांढरा धातू'.

नवाहोंकडे ही कला मेक्सिकन कारागिरांकडून आली, एकोणिसाव्या शतकात. डॉलर आणि पेसो वितळवायचे, चांदी ठोकायची, नक्षीचे ठसे स्वतःच लोखंडातून घडवायचे. त्या काळच्या दागिन्यांवर सही जवळपास सापडतच नाही. घालणारा करणाऱ्याला ओळखत होता, मग नाव कशाला कोरायचं? दागिने दूरच्या गिऱ्हाइकांकडे जाऊ लागले आणि खुणेची गरज पडली.

१९४०च्या दशकात केनेथ फ्लॅगस्टाफमधल्या 'व्हाइट होगन' या दुकानात काम करू लागले. पुढे ते दुकान स्कॉट्सडेलला गेलं. होगन म्हणजे नवाहोंचं पारंपरिक घर, पूर्वेकडे दार असलेलं. कड्याच्या आतलं इवलंसं घर म्हणजे या दुकानाची खूण. पण तिथे ॲलन की, जॉर्ज की असे इतरही कसबी हात होते. म्हणून नुसतं घर पाहून नाव घेता येत नाही, सोबतची अक्षरं वाचावी लागतात. आणि नुसत्या अक्षरांवरही विसंबू नये. बेगे हे आडनाव नवाहोंमध्ये घरोघरी आहे. ते आलंय 'त्याचा मुलगा' अशा अर्थाच्या शब्दावरून. 'के-बी' अनेक असू शकतात.

म्हणून कडं पुन्हा सुलटं करायचं आणि काम बघायचं. मोकळी सोडलेली चांदी. मोजक्याच, पण खोल रेघा. आयर्नवुड या वाळवंटी झाडाच्या कठीण लाकडाचं जडावकाम. खड्यांनी दागिना भरून टाकण्याच्या दिवसांत केनेथ यांनी धातूलाच बोलू दिलं, आणि तेही दागिन्यांपुरतं नाही: चमचे, वाडगे, पेले, सगळ्यांत तोच संयम दिसतो. आधुनिक नवाहो दागिन्यांचे जनक त्यांना म्हणतात ते यासाठी, आणि ते योग्यच आहे.

नवाहोंनी १९६८ साली स्वतःचं कॉलेज काढलं. उतारवयात केनेथ तिथे चांदीकाम शिकवायला गेले. १९७७ साली ते वारले. त्यांचा मुलगा हार्वे नौदलात वैमानिक होता. विमानं सोडून तोही चांदीच घडवायला बसला.