नाव काढलं तरी माणूस उरतोच

टोपणनाव घेतलं की आपण लपलो असं बऱ्याच जणांना वाटतं, आणि आज मला तेवढाच एक समज खोडून काढायचाय. टोपणनाव हवंच, त्याबद्दल वाद नाही, घरात मार खाणारी बाई किंवा आजार लपवून जगणारा माणूस खऱ्या नावाने कुठे मदत मागणार? पण ओळख काही फक्त नावात नसते.

२००६ च्या ऑगस्टमध्ये एओएल या अमेरिकन इंटरनेट कंपनीने काय केलं, संशोधकांना उपयोग होईल म्हणून सुमारे ६.५ लाख युजर्सचे तीन महिन्यांचे सर्च, साधारण २ कोटी, सरळ नेटवर टाकले. नावं काढली, प्रत्येकाला एक नंबर दिला, झालं काम. पण माणूस बदलला तरच नंबर बदलत होता ना, त्यामुळे एकेका नंबराखाली एकेकाचं आयुष्य ओळीने लागलं, गावातली कामं, आडनावं, दुखणी, काळज्या सगळं, आणि न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार काही दिवसांतच त्यातल्या एका वयस्कर बाईंपर्यंत पोचले. एओएलने फाइल काढून टाकली खरी, पण तोवर तिच्या कॉप्या सगळीकडे गेल्या होत्या. मला यात सगळ्यात जास्त हेच लागतं, की परत घेता येत नाही.

आणि एवढा ढीगभर डेटाही लागत नाही. लतान्या स्वीनी या अमेरिकन संशोधिकेने २००० साली अमेरिकेच्या जनगणनेवरून दाखवलं की पिनकोड, पूर्ण जन्मतारीख आणि लिंग, एवढ्या तीन गोष्टींवर तिथले ८७ टक्के लोक एकटे वेगळे काढता येण्याची शक्यता आहे. आता आठवून बघा, साधं अकाउंट उघडताना जन्मतारीख किती जागी भरलीत.

म्हणून माझं म्हणणं डेटा ठेवणाऱ्यांना जास्त आहे. तुम्हाला समोरचा १८ वर्षांचा आहे का एवढंच बघायचंय ना, मग बघा आणि सोडून द्या, तारीख साठवता कशाला? आयपी ॲड्रेसचे लॉग, म्हणजे कोणत्या इंटरनेट जोडणीवरून कोण कधी आलं याच्या नोंदी, गैरवापर पकडायला लागतात हे मान्य, पण वर्षानुवर्षं? काही जण म्हणतात आम्ही ईमेल हॅश करून ठेवतो, म्हणजे गणिताने त्याचा असा ठसा बनवतो की त्यावरून उलटा ईमेल काढता येत नाही, बरं, पण ज्याच्याकडे ईमेलची यादी आहे तो प्रत्येकाचा हॅश काढून जुळवून बघतो, नुसता साधा हॅश असेल तर त्याला फार वेळही लागत नाही.

वापरणाऱ्यांनी काय करायचं, तर एकच टोपणनाव चार ठिकाणी वापरू नका, कारण एका जागी ओळख फुटली की बाकीच्या तिन्ही गेल्या. फोटो टाकण्याआधी त्याच्या फाइलमध्ये फोनने लपून नोंदवलेलं लोकेशन पुसून टाका, २०१२ मध्ये मॅकॅफी अँटीव्हायरस कंपनी काढणारा जॉन मॅकॅफी पोलिसांना चुकवत फिरत होता, आणि एका मासिकाने टाकलेल्या त्याच्या फोटोतच ग्वाटेमालातल्या जागेचे अक्षांश-रेखांश निघाले. सिक्युरिटीतला एवढा मोठा माणूस, आणि फोटो तर त्याने स्वतः टाकलाही नव्हता.