काउंटरपलीकडचा नाताळ

बंधू-भगिनींनो, डिसेंबर लागला की आपल्या वसईच्या चर्चच्या धर्मग्रामांत एक तक्रार हमखास ऐकू येते: नाताळ बाजाराने पळवला. फादर प्रवचनात सांगतात, आजी जेवता जेवता बोलून दाखवते. आपण मान डोलावतो आणि दुसऱ्या दिवशी मॉल गाठतो. तिथे नाताळच्या तयारीच्या आगमनकाळाची वाट कोणी पाहत नाही, झाडावरचे दिवे कधीचेच लागलेले असतात. तक्रार खोटी नाही. पण ती आपण करतो ती गिऱ्हाईक म्हणून. आमचा आनंद हरवला, आमची दमछाक झाली, आमचे पैसे गेले. विकणाऱ्याचा त्यात पत्ताच नसतो.

हा भेटवस्तूंचा नाताळ ज्या अमेरिकेत फोफावला, तिथे या तक्रारीला वेगळा इतिहास आहे. न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांत एक रिवाज होता. नाताळ आला की कामावरच्या मुलींनी वर्गणी काढून सुपरवायझरला भेट द्यायची. नावाला खुशीचा मामला. पण जिने पैसे दिले नाहीत तिच्यावर साहेबाची मर्जी कशी राहणार? काहींचा दोन-दोन आठवड्यांचा पगार यात जायचा असं सांगतात. 1912 साली याविरुद्ध एक मंडळ निघालं, निरुपयोगी भेटींना आळा घालणारं. त्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून सभासद स्वतःला 'स्पग' म्हणवत. पुढाकार दोघींचा: पूर्वाश्रमीच्या नटी एलिनॉर बेलमाँट आणि अ‍ॅन मॉर्गन. या अ‍ॅनबाई म्हणजे बँकर जे. पी. मॉर्गन यांच्या कन्या! साधेपणाची चळवळ चालवायला हातात थोडा पैसा असावा लागतो, हे तेव्हाही खरं होतं. पुढे माजी राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टही सभासद झाले. मग पहिलं महायुद्ध आलं आणि मंडळ विस्मृतीत गेलं.

मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या फ्लॉरेन्स केली. ग्राहकांच्या राष्ट्रीय संघटनेच्या त्या 1899 पासून सरचिटणीस होत्या. डिसेंबरात दुकानं रात्री उशिरापर्यंत उघडी, विक्रेत्या मुली दिवसभर उभ्या, आणि सामान पोचवणारी लहान पोरं थंडीत मध्यरात्रीपर्यंत रस्त्यावर. केलीबाई नाताळ बंद करा म्हणाल्या नाहीत. त्यांनी ग्राहकांना एवढंच सांगितलं की खरेदी लवकर उरका, शेवटच्या आठवड्यात संध्याकाळनंतर दुकानात गर्दी करू नका. मागणी साधी, आणि ती दुकानदाराकडे नव्हे, तुमच्या-माझ्यासारख्या गिऱ्हाइकाकडे केलेली.

पुढे काय झालं ते ऐका. 'लवकर खरेदी करा' हे वाक्य व्यापाऱ्यांना फार आवडलं. त्यातली मुलगी गळाली, थंडीतलं पोर गळालं, 'लवकर' तेवढं राहिलं. शेवटची गर्दी काही हटली नाही. हंगाम मात्र अलीकडे सरकत गेला. नाताळची खरेदी नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंग सणानंतर सुरू करायची असा तिथला संकेत. 1939 मध्ये हा सण 30 नोव्हेंबरला येत होता, म्हणजे विक्रीला दिवस कमी. मोठ्या दुकानदारांनी गाऱ्हाणं घातलं आणि दुसऱ्या रूझवेल्टांनी, राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन यांनी, सण चक्क एक आठवडा अलीकडे घेतला. काही राज्यांनी 23 तारीख पाळली, काहींनी 30, आणि टेक्सासने दोन्ही! शेवटी 1941 मध्ये अमेरिकी संसदेने कायदा करून नोव्हेंबरचा चौथा गुरुवार ठरवला, तेव्हा घोळ मिटला. बाजारासाठी सणाची तारीख हलते, हे अमेरिकेने सरकारी शिक्क्यानिशी दाखवून दिलं.

आता आपल्याकडे पाहा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने दुकानं वर्षाचे 365 दिवस उघडी ठेवायची मोकळीक दिली; कामगाराला आठवड्याची सुट्टी आहे, पण ती नाताळच्याच दिवशी मिळेल असं नाही. आणि कापडाच्या दुकानात डोकावा. मालकाला गादी, गिऱ्हाइकाला स्टूल, आणि लाल टोपी घालून साड्या उलगडणारी मुलगी उभी. केरळात अशाच विक्रेत्या बायकांनी लढून 2018 मध्ये कामावर बसायचा हक्क कायद्यात आणवला, तमिळनाडूने 2021 मध्ये. तिथे प्रश्न दिव्यांचा नव्हता, खुर्चीचा होता.

या सभागृहात बसलेल्यांपैकी निदान काहींच्या मुली, सुना चर्चगेटपासून विरारपर्यंत कुठल्या ना कुठल्या काउंटरमागे आहेत. 24 तारखेला रात्री चर्चमधल्या मिस्साला त्या वेळेवर पोचतात का, हे मला तुमच्याकडूनच ऐकायचं आहे. प्रश्नोत्तरांची सुरुवात तिथूनच करू.