मंगळावरचं तळं वाळलं, आपलं अजून ओलं आहे

सकाळचे साडेसहा. हे जे खाली दिसतंय ते लोणार, आमचा बुलढाणा जिल्हा. ड्रोन वर चढताना आधी नुसती तुरीची शेतं दिसतात, मग टिनाची घरं, मग देवळांचे कळस, आणि मग एकदम जमीनच संपते. खाली गोल खड्डा आणि त्याच्या तळाशी हिरवं पाणी. या काठापासून त्या काठापर्यंत १.८ किलोमीटर, आणि वरून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल. हा शॉट घाईत कापायचा नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं, कारण हा आकार डोळ्यात बसला की पुढचं सगळं आपोआप समजतं.

लहानपणी आम्हाला इथली लवणासुराची गोष्ट सांगायचे. असुर जमिनीखाली लपून बसलेला, विष्णू दैत्यसूदन होऊन आला, पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवलं आणि त्याला मारलं. म्हणजे वरून काहीतरी आलं आणि जमीन फुटली हे आमच्या गोष्टीत आधीपासून होतंच.

आता खाली उतरू. वाटेतला हा काळा दगड पाहा. आपल्याकडे विहीर खोदताना जो लागतो आणि ज्याच्यापायी सुरुंग लावावे लागतात, तोच हा काळा पाषाण, बेसाल्ट, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. मंगळाचा बराचसा भाग पण याच जातीच्या दगडाचा आहे, आणि बेसाल्टवर उल्का आदळून झालेलं, इतकं चांगलं टिकलेलं विवर पृथ्वीवर दुसरं मिळणं कठीण, म्हणून मंगळाचा अभ्यास करणारी माणसं मेहकरवरून एसटी पकडून का होईना पण इथे येतात.

हे उल्केचंच काम आहे हे सिद्ध व्हायला मात्र लई वेळ लागला. १८२३ साली सी. जे. ई. अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची नोंद केली, आणि त्यानंतर दीडशे वर्षं वाद चालला की हे ज्वालामुखीचं तोंड आहे की आणखी काही. चारी बाजूला लाव्ह्याचा दगड, मग माणसाला ज्वालामुखीच वाटणार ना. शेवटी तळ्याच्या तळात ड्रिल करून नमुने काढले आणि १९७३ मध्ये 'सायन्स' मासिकात पेपर आला. त्या नमुन्यांत मास्केलिनाइट सापडलं होतं. फेल्डस्पार नावाचं खनिज असतं, त्याला इतका भयंकर दणका बसतो की त्याची काच होते, आणि एवढा दणका ज्वालामुखी देऊ शकत नाही. हीच काच सगळ्यात आधी ओळखली गेली ती १८६५ मध्ये बिहारला शेरघाटीजवळ पडलेल्या उल्केत, आणि तो दगड मंगळावरून आलेला होता हे शंभरेक वर्षांनी कळलं. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक बंद करून इथे काठावर येऊन बसलो होतो. विवराचं वय किती यावर अजून एकमत नाही, एका मोजणीत पन्नास हजार वर्षांच्या आसपास येतं आणि दुसऱ्या मोजणीत ५ लाख ७० हजार.

आलो पाण्याजवळ. वास व्हिडिओत येत नाही, सडक्या अंड्यासारखा असतो. ही ताई जवळच्याच गावातली, अकरावी सायन्सला आहे. पाणी आंबट की खारं हे मोजायचा आकडा म्हणजे पीएच, सात मधला, त्याच्यावर गेलं की खारं, म्हणजे अल्कधर्मी. तिने पीएच पेपरची पिवळी पट्टी पाण्यात बुडवली, बघा, वर काढेपर्यंत निळी झाली. दहाच्या जवळपास. विहिरीच्या पाण्याचा साधारण सात-आठ असतो, आणि यात एक आकडा वाढला की दहापट फरक. तिला बोटं एकमेकांवर घासायला सांगितलं, तर साबण लावल्यासारखी बुळबुळीत लागली. पूर्वी उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की काठावर खार जमायचा, त्याला पापडी, डल्ला अशी वेगवेगळी नावं होती, साबणाला जायचा. बाजूला बसलेले आजोबा म्हणाले, "आमची आजी याच पाण्यात वाकया धुये, सोडा लागेच ना." वाकया म्हणजे गोधड्या.

आणि या असल्या पाण्यात जीव आहेत, भरपूर आहेत. हा हिरवा रंग त्यांचाच आहे. २०२० च्या जूनमध्ये पूर्ण तळं गुलाबी झालं होतं, तेव्हा लॉकडाऊन होता, आम्हाला शूट करता आलं नाही, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने ते पाणी तपासलं आणि त्यात हॅलोआर्किया निघाले. अतिशय खारट पाण्यात राहणारे सूक्ष्मजीव. पाणी आटून मीठ वाढलं की ते वाढतात, आणि कडक उन्हापासून वाचायला स्वतःच्या अंगात गुलाबी रंग तयार करतात. आपलं पाणी म्हणजे त्यांच्यासाठी मरण, आणि आपण ज्याला मरण म्हणतो ते त्यांचं घर.

इथून सरळ मंगळावर जाऊ. हे फोटो नासाच्या पर्सेव्हरन्स रोव्हरचे, म्हणजे मंगळावर चाकांवर फिरणाऱ्या यंत्राचे. १८ फेब्रुवारी २०२१ ला तो जिथे उतरला ते जेझेरो, ४५ किलोमीटर रुंद विवर, साडेतीन अब्ज वर्षांपूर्वी त्यात पाणी भरलेलं होतं, आणि एक नदी कडा फोडून आत यायची, तिने आणलेल्या गाळाचा पंखा अजून तसाच पसरलेला दिसतो. आता परत आपला ड्रोन. ही धार. कड्याच्या घळीतून पाणी आत येतं आणि त्याने आणलेल्या मातीचा पंखा हा इथे, झाडांखाली. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवलीत, थोडा वेळ फक्त बघा.

गाळ यासाठी महत्त्वाचा की मेलेला जीव त्यात दबून टिकतो. जुलै २०२४ मध्ये रोव्हरला जेझेरोत येणाऱ्या नदीच्या जुन्या पात्रात एक दगड मिळाला, चेयावा फॉल्स नाव दिलं, त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे ठिपके. पृथ्वीवर चिखलात सूक्ष्मजीव काम करतात तेव्हा जी खनिजं तयार होतात तसली, लोह आणि फॉस्फेटचं व्हिविएनाइट, लोह आणि गंधकाचं ग्रेगाइट, तिथे असावीत असं रोव्हरच्या यंत्रांनी दाखवलं. सप्टेंबर २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये पेपर छापून आला आणि त्यात शब्द अगदी तोलून वापरलाय, जीवाची संभाव्य खूण. कारण असे ठिपके जीवाशिवाय पण होऊ शकतात. शास्त्रज्ञ इतके सावध का, तर १९७६ चा अनुभव आहे. व्हायकिंग यानाने मंगळाच्या मातीत पोषक द्रव टाकलं, जीव सोडतात तसा वायू बाहेर आला, सगळे उठून उभे राहिले, पण दुसऱ्या यंत्राला मातीत जीवाचा कच्चा मालच सापडला नाही, आणि तो वाद आजही चालू आहे.

म्हणून आधी घरचं नीट ओळखावं लागतं. जीव कसल्या खुणा सोडतो, मिठाच्या खड्यात अडकलेल्या पाण्याच्या थेंबात तो किती टिकतो, गाळातून मिथेन कोण सोडतं आणि ते कोण खातं, हे इथे चिखलात गुडघ्यापर्यंत उतरून शिकता येतं. गुरूच्या युरोपा नावाच्या चंद्राकडे ऑक्टोबर २०२४ मध्ये यान निघालंय, २०३० ला पोचेल, शनीच्या एन्सेलाडस या चंद्रामधून पाण्याचे फवारे उडतात आणि तिथलं पाणी पण खारट आणि अल्कधर्मी आहे, म्हणजे लोणारच्याच भावकीतलं.

आता हा नाला. गावाचं सांडपाणी उतारावरून खाली येतं, त्याने खारटपणा आणि पीएच बदलतो, आणि याच पाण्याला सरावलेल्या जिवांना दुसरीकडे जायला जागा नाही. नोव्हेंबर २०२० पासून हे रामसर स्थळ आहे, म्हणजे जपायच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे. नाल्याचा आवाज आम्ही तसाच ठेवलाय.

शेवटचा शॉट ताईच्या कॉलेजच्या लॅबमधला. काचपट्टीवर तळ्याचा एक थेंब, मायक्रोस्कोपच्या डोळ्याला मोबाईल लावून काढलंय म्हणून कडा काळ्या आहेत. तो हिरवा, पेनातल्या स्प्रिंगसारखा, हळूहळू गोल फिरत पुढे सरकतोय ना, तो स्पिरुलिना, शेवाळासारखा सूक्ष्मजीव. आधी तिला दिसत नव्हता. "सर, काईच नाई याच्यात" म्हणाली, मग तिने स्क्रू थोडा मागे फिरवला.