आरोग्यखर्चाची रेष आणि पदरचा पैसा

नमस्कार. माझ्यासमोर जागतिक आरोग्य संघटनेचा आरोग्यखर्चाचा माहितीसाठा उघडलेला आहे. १९० हून अधिक देशांनी २००० सालापासून आरोग्यावर किती खर्च केला आणि तो पैसा कोणी भरला, हे येथे कोणालाही विनामूल्य पाहता येते. देश निवडायचे, निर्देशक निवडायचा, वर्षे ठरवायची, की आकडे समोर येतात. हे इतके सहज होते की पहिल्याच आलेखावरून मत बनवण्याचा मोह होतो.

(पडद्यावर: अमेरिका, भारत, थायलंड, खर्च जीडीपीच्या टक्केवारीत)

पहिला निर्देशक बहुतेक जण हाच निवडतात: स्थूल देशांतर्गत उत्पन्नाच्या, म्हणजे जीडीपीच्या, किती टक्के रक्कम आरोग्यावर खर्च झाली. अमेरिका सतरा टक्क्यांच्या आसपास, सर्वांच्या वर. भारत आणि थायलंड मात्र कोविडच्या साथीच्या आधीची वीस वर्षे तीन-चार टक्क्यांच्या पट्ट्यात, एकमेकांच्या जवळपास. एवढेच पाहिले तर भारत आणि थायलंड यांची आरोग्यव्यवस्था सारखीच चालते, असे कोणालाही वाटेल.

टक्केवारीला छेद असतो, हे येथे विसरून चालणार नाही. आयर्लंडची रेष पाहा. २०१५ मध्ये ती एकदम खाली येते, पण त्या वर्षी तेथील रुग्णालयांचा खर्च कापला गेला नव्हता. बहुराष्ट्रीय कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री त्या देशात हलवल्यामुळे जीडीपी एका वर्षात सुमारे पाव पटीने फुगला आणि छेद वाढल्यामुळे टक्केवारी घसरली. २०२० मध्ये याच्या उलट घडले: साथीमुळे खर्च वाढला आणि त्याच वेळी अनेक देशांचे उत्पन्न आटले, त्यामुळे रेषा दुहेरी कारणाने वर गेल्या.

मग दरडोई डॉलर पाहावेत का? पाहावेत, पण कोणते डॉलर ते तपासून. २००० मध्ये एका डॉलरला सुमारे ४५ रुपये पडत होते, २०२२ च्या अखेरीस ८० हून अधिक. त्यामुळे चालू विनिमय दराने डॉलरमध्ये काढलेली भारताची वाढ रुपयांत मोजलेल्या वाढीपेक्षा कमी भासते. देशादेशांची तुलना करताना क्रयशक्ती समतेवर आधारलेला, म्हणजे त्या-त्या देशात पैशाने किती खरेदी होते हे धरून काढलेला आकडा घ्यावा, आणि एकाच देशाचा कालप्रवाह पाहताना स्थिर किमतींचा, म्हणजे महागाई वगळलेला. हा एक पर्याय बदलला की आलेखाची चढण बदलते.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा निर्देशक. एकूण खर्चापैकी किती वाटा कुटुंबांनी उपचाराच्या वेळी थेट स्वतःच्या खिशातून दिला? आपल्याकडे यासाठी पदरचा खर्च हा नेमका शब्द आहे. आजारपणात घरातले दागिने गहाण पडतात किंवा सावकाराचे दार ठोठावावे लागते, ते या खर्चापायी.

(पडद्यावर: भारत आणि थायलंड, पदरच्या खर्चाचा वाटा)

मघाशी शेजारी असलेल्या दोन रेषा येथे दूर जातात. थायलंडमध्ये २००० साली हा वाटा साधारण एक तृतीयांश होता. २००१-०२ मध्ये तेथील सरकारने करांच्या पैशांतून सर्वांसाठी आरोग्यसंरक्षण योजना आणली, ज्यात रुग्णाने दर भेटीला फक्त ३० बाट (थायलंडचे चलन) द्यायचे होते. पुढे हा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास आला. जीडीपीची टक्केवारी फारशी न वाढवता पैसे कोणी भरायचे, हे त्या देशाने बदलले. माझ्या मते या संपूर्ण माहितीसाठ्यातली ही सर्वांत शिकण्यासारखी रेष आहे.

भारताचीही रेष उतरलेली आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार, म्हणजे देशातील आरोग्यखर्चाच्या सरकारी हिशेबानुसार, २०१३-१४ मध्ये पदरचा खर्च ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. याच काळात सरकारी खर्च जीडीपीच्या १.१५ टक्क्यांवरून १.८४ टक्क्यांवर गेला, म्हणजे सरकारचा भार खरोखरच वाढला आहे, आणि ही समाधानाची बाब आहे. तरीही या उतारातली एक पायरी मला जपून पाहावीशी वाटते. २०१६-१७ मध्ये ५८.७ टक्के असलेला आकडा पुढच्याच वर्षी ४८.८ टक्के झाला. एका वर्षात दहा टक्के-बिंदू! नेमक्या त्याच वर्षी हिशेबाचा पाया बदलला होता: कुटुंबांच्या खर्चाचा अंदाज आधी राष्ट्रीय नमुना पाहणी या सरकारी कुटुंब-सर्वेक्षणाच्या ७१ व्या फेरीवरून, म्हणजे २०१४ च्या सर्वेक्षणावरून काढला जात असे, तो २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीवरून काढला जाऊ लागला. या नव्या फेरीत आजारी असल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाणही आधीपेक्षा कमी नोंदले गेले. लोकांना खरोखर कमी पैसे मोजावे लागले, की पैशांअभावी काहींनी उपचारच टाळले, की प्रश्न विचारण्याच्या पद्धतीचा फरक पडला, हे केवळ रेष पाहून ठरवता येत नाही. जो माणूस दवाखान्याची पायरीच चढला नाही, त्याचा पदरचा खर्च शून्य नोंदला जातो.

कोणी म्हणेल, जागतिक बँकेच्या संकेतस्थळावर हा आकडा पडताळून पाहू. तेथे आरोग्यखर्चाचे आकडे याच माहितीसाठ्यातून घेतले जातात, त्यामुळे दोन्ही जुळले तरी ती दुसरी साक्ष ठरत नाही.

म्हणून पडद्यावरच्या शेवटच्या आलेखात मी २०१६-१७ आणि २०१७-१८ हे दोन बिंदू रेषेने जोडलेले नाहीत. मध्ये जागा मोकळी ठेवली आहे आणि दोन्ही बाजूंना त्या-त्या सर्वेक्षणाच्या फेरीचा क्रमांक लिहिला आहे.