डाव्या कुशीवर

नमस्कार श्रोतेहो.

इंदुरात एम.वाय. हॉस्पिटल कुठे आहे हे कुणाला विचारावं लागत नाही. सात मजली इमारत, यशवंतराव होळकर महाराजांच्या नावाची, आणि तिच्या जोडीला महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालय. कॉलेज १९४८चं. पण त्याच्याही आधी, १८७८ पासून, इथे डॉक्टरकीचं शिक्षण देणारी शाळा होती. पुढे ती किंग एडवर्ड मेडिकल स्कूल म्हणून ओळखली गेली. म्हणजे जवळजवळ दीडशे वर्षं या गावात मुलं डॉक्टरकी शिकताहेत. कुणाकडून शिकतात? प्रोफेसरांकडून, पुस्तकांतून. आणि खाटेवरच्या माणसाकडून. मला आज त्या खाटेवरच्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

माझी एक मावशी रामबागेत राहायची. लहानपणी तिचा घसा वरचेवर दुखायचा, मग गुडघे सुजायचे, मग मनगटं. घरी सुंठीचा लेप लावायचे. तो संधिवाताचा ताप होता. घशातल्या जंतुसंसर्गामागून येतो आणि जाताना हृदयाच्या झडपेवर खूण ठेवून जातो. मावशीची मायट्रल झडप आकसली. हृदयाच्या डाव्या बाजूला वरून खाली रक्त उतरतं ना, त्या वाटेवरचं हे दार. ते धड उघडेना. (मुलाचा घसा पुन्हापुन्हा दुखत असेल तर हळदीच्या दुधावर भागवू नका हो, डॉक्टरांना दाखवा. मी हे प्रत्येक लग्नात, प्रत्येक मुंजीत सांगते.) मग दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, आणि दम लागला की एम.वाय.मध्ये भरती.

अशा झडपेतून रक्त जाताना आवाज होतो. एका विद्यार्थ्याने एकदा आपल्या नळ्या तिच्या कानात घातल्या आणि तिचाच आवाज तिला ऐकवला. मावशी म्हणाली, "अगं बाई, आईच्या माजघरातलं जातं फिरतंय!" खरंच तसा असतो तो. खोल, लांबून येणारा, घरघरणारा. आणि लाजरा. स्टेथोस्कोपच्या सपाट बाजूने हुकतो, वाटीसारखी बाजू अलगद टेकवावी लागते. रोग्याला डाव्या कुशीवर वळवावं लागतं, श्वास सोडून थांबायला सांगावं लागतं, तेव्हा कुठे सापडतो. डावी कूस, श्वास बाहेर. मावशीला हे पाठ होतं, कारण वॉर्डात रोज कुणी ना कुणी हेच करून बघायचं.

आणि आली परीक्षा. शेवटच्या वर्षाची प्रॅक्टिकल. वॉर्डातले काही रोगी तिथे 'केस' म्हणून ठेवतात, आणि त्यांना ताकीद असते की आजाराचं नाव सांगायचं नाही. मी काही तिथे नव्हते. पण मावशीने घरी आल्यावर दिवाणावर आडवं पडून इतक्यांदा करून दाखवलंय की मला सगळं डोळ्यांपुढे दिसतं.

धारकडच्या कुठल्याशा खेड्यातला मुलगा. कपाळावर घाम. मावशी उताणी निजलेली, हा सपाट बाजू लावून ऐकतोय. इथे लावतोय, तिथे लावतोय. काही नाही. परीक्षक दोन खाटा सोडून उभे. मुलाचा हात थरथरायला लागला, म्हणे. मावशी बोलली नाही. ताकीद होती ना! तिने फक्त पदर सावरला आणि सावकाश डाव्या कुशीवर वळली. वळली, श्वास सोडला आणि थांबली.

मुलगाही थांबला. नळी उलटी फिरवली, वाटी टेकवली. मावशी सांगायची, "त्याचा चेहरा असा झाला, जणू कुणी हाक मारली त्याला."

परीक्षक जवळ आले, म्हणाले, "अम्मा, आपको करवट लेने को किसने कहा?"

मावशी म्हणाली, "इस करवट पे आराम पड़ता है, साहब."

माझ्या काकांचं मत पडलं की ही कॉपी झाली. मला नाही पटत. नाव तिने सांगितलं नाही, ऐकलं त्यानेच.

दुसऱ्या दिवशी तो पाया पडायला आला. मावशी त्याला म्हणाली, "पास होशील बेटा. पण एक कर. हात चोळून गरम कर, मग लाव. दिवसभरात वीस गार हात लागतात अंगाला."

वीस गार हात, श्रोतेहो. आजारी माणसाच्या उघड्या छातीवर, रोज. आणि ती म्हणायची, या, ऐका.

देणारे आणखीही आहेत. रात्रभर जागणाऱ्या आया आहेत, नातेवाइकांसाठी डबे आणणारी मंडळी आहेत, रक्तदाते आहेत. साठवलेल्या रक्तातल्या लाल पेशी टिकतात ३५ ते ४२ दिवस, प्लेटलेट्स जेमतेम ५. म्हणून साठा करून स्वस्थ बसता येत नाही, देणारा सतत लागतो. वाढदिवसाचे ते मोठमोठे फ्लेक्स लावता ना चौकात, त्यापेक्षा त्या दिवशी रक्त द्या. फ्लेक्समुळे सिग्नलसुद्धा दिसत नाही.

मावशीने पुढे देहदानाचा फॉर्म भरला. घरात आठवडाभर वाद झाला, तेराव्याचं काय, अस्थींचं काय. एवढं लक्षात ठेवा, नुसता फॉर्म भरून भागत नाही. आपण गेल्यावर घरच्यांनी हो म्हणावं लागतं आणि लगेच कळवावं लागतं. डोळे द्यायचे तर ६ तासांच्या आत. म्हणून घरात बोलून ठेवा. फॉर्म आणि घरच्यांचा होकार, दोन्ही हवं.

साक्षीदार म्हणून सही माझी आहे. मी पेन खाली ठेवलं, तशी मावशीने कागद हातात घेतला, चष्मा लावून पुन्हा वाचला आणि मला म्हणाली, "त्या पोरांना सांग गं, आता हात गार असले तरी चालतील."